गडग्यावरचा डबा

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी एक घाण काम केलं. लिहून टाकतो, नाय तर पोटात दुखत राहील.

सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, आंब्याच्या कलमांच्या बागेत नेपाळी राखणदार आहे, लोकेंद्र. त्याची बायको धनसरा. त्यांची साडेतीन वर्षांची पोरगी बिपना आमच्या वाडीतल्या अंगणवाडीत येते. तर आज नळावर धनसरा भेटली आणि मी तिला सांगितलं— "भाभी, वो बाई बच्चे का वजन करती है, कायको मालूम? जिसका कम भरा उसको सरकार लेके जाती है. रत्नागिरी. फिर वापस नहीं देती."

ती तशीच उभी. हंडा भरून वाहायला लागला तरी नळ बंद केला नाय.

का केलं? सूड! नम्रता बाईंवरचा. नम्रता बाई म्हणजे आमच्या अंगणवाडीच्या बाई, देवरूखकडच्या. गेल्या आठवड्यात मी पोरांना शिकवून ठेवलेलं— सुपरवायझर मॅडम आल्या, 'आज काय खाल्लं' विचारलं, की सगळ्यांनी एकदम 'बिर्याणी' बोलायचं. बोलली पण! पंधरा पोरं, एका सुरात! मॅडमनी बाईंकडे लेखी खुलासा मागितला. मग बाईंनी मला देवळासमोर धरला. "विनीत, बारावीला दोनदा बसलास आणि दोनदा उठलास. ही अक्कल पेपरात का नाय लिहिलीस?" माझा दोस्त बाबल्या हसून हसून खाली बसला.

आणि माझी आई! ती तिथंच मदतनीस आहे, पोरांची खिचडी ती रांधते. पोटच्या पोराची बाजू घ्यायची की नाय? तर बोलते, "बाई, अजून दोन द्या त्याला."

६ फेब्रुवारी, गुरुवार

बिपना दोन दिवस आली नाय. लागला बाण!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बाई आणि आई बागेत जाऊन आल्या. आई जेवताना सांगत होती— "दार लावलेलं. बाहेर ती कोयता घेऊन बसलेली. बोलते, बच्ची नहीं है, मामा के गाँव गयी. मामाचं गाव नेपाळात, तीन दिवसांची वाट! आणि आत पोर खोकत होती, आम्हाला ऐकू येत होतं."

मग बोलली, "बाई बोलल्या, तुळसाताई, हिचे कोणीतरी कान भरलेत."

असं बोलून आईनं माझ्याकडे बघितलं. मी बांगड्याकडे बघितलं. बांगडा पण माझ्याकडेच बघत होता.

८ फेब्रुवारी, शनिवार

बाबल्यानं खबर आणली. बाई काल मिरकरवाड्याला जेटीवर दिसल्या, हारुनभाईंच्या बोटीवरच्या खलाशांशी बोलत होत्या. सगळे नेपाळी खलाशी! बाई वहीत कायतरी उतरून घेत होत्या.

"अंगणवाडीच्या बाईचं खलाश्यांकडे काय काम?" मी बोललो.

"कायतरी शिजतंय, विन्या," बाबल्या बोलला. "आणि खिचडी नाय शिजत."

मला वाटायला लागलं, मी धनसराला जे सांगितलं ते खोटं होतं की चुकून खरं होतं? एका परक्या पोरीसाठी कोण एवढी धावाधाव करतो? स्वतःचा फायदा असल्याशिवाय आमच्या वाडीत कोणी दुसऱ्याच्या पेरूला हात लावत नाय. फायदा असला तर लगेच लावतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

बाईंच्या मागं गेलो.

अंगणवाडी सुटल्यावर पोरं घरी गेली, आई भांडी घासायला बसली. बाई खांद्याला पिशवी लावून सड्याकडे निघाल्या. टळटळीत ऊन, कातळ तापलेला, चपलेतून चटके. पण बाई आपल्या तरातरा. मी करवंदीच्या जाळ्यांमागून.

बागेच्या गडग्याजवळ त्या थांबल्या. दगड रचलेला तो गडगा माझ्या छातीएवढा. त्यावर त्यांनी स्टीलचा डबा ठेवला. लोकेंद्रच्या खोलीकडे तोंड करून एकच हाक मारली, "बिपनाऽऽ!" आणि थांबल्या पण नाय, मागं फिरल्या! खालच्या वळणावर, गडगा दिसत नाय तिथं, आंब्याखाली जाऊन बसल्या.

मी डबा उघडला. खिचडी आणि उकडलेलं अंडं. वास बरोबर, खिचडी आईच्या हातची. वर एक कागदाची चिठी— 'नडराऊ'. अक्षरं आपली, शब्द कुठला? उलटा वाचला, सुलटा वाचला. नक्की खुणेचा शब्द! चिठी खिशात घातली. पुरावा.

आणि डबा... खाल्ला. सगळा. अंड्यासकट. भूक लागलेली आणि डबा कोणाचाच नव्हता. रिकामा डबा बघून बाईंना संशय येऊ नये म्हणून त्यात चार बाळकैऱ्या टाकल्या, कलमाखाली पडलेल्या. फुकटचं खाऊ नये माणसानं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आयशप्पत! बाई सकाळपासून नाचतायत. "तुळसाताई, डबा रिकामा आला! आणि तिनं कैऱ्या पाठवल्या हो! रिकामा डबा परत करू नये, हे त्यांच्याकडे पण आहे बघा." आईनं कैऱ्यांचं लगेच तिखटमीठ लावून लोणचं केलं. मला पण वाढलं.

आज डब्यात अंड्याबरोबर केळं होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डब्यात टाकायला आता काय शोधायचं? कैऱ्या रोज टाकल्या तर मालकाचं नाव निघेल. काल करवंदीची कोवळी पानं टाकली, ती बाईंनी वहीत चिकटवली! आज सुरंगी दिसली. फुलं गोळा केली आणि दोऱ्यात ओवली. मी! गजरा!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंनी माझा गजरा माळला. सगळ्या अंगणवाडीत घमघमाट. दिवस पण कुठला, चौदा फेब्रुवारी. बाबल्याला कळलं तर मला गाव सोडावं लागेल.

संध्याकाळी नळावर धनसरा भेटली. स्वतःहून बोलली. कधी बोलत नाय. "भाई, तबियत कैसा है?"

"एकदम मस्त."

"पेट? नींद आता है बराबर?"

"आता है. क्यों?"

"ऐसे ही."

आणि माझ्या डोळ्यांत निरखून बघितलं, डॉक्टर बघतात तसं. हिला माझ्या पोटाची काळजी कशाला? मनात पाल चुकचुकली. बहुतेक मी तिला सावध केलं म्हणून मला आपला माणूस समजते. ह्या वाडीत ही एकच बाई मला चांगला समजते, ती पण खोट्यामुळं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आठवा डबा. आज लापशी, गूळ घालून. आता मला सवयच लागली. आई बोलते, "मेल्या, तुझ्या अंगावर मांस यायला लागलं की काय!"

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल शिवजयंती, अंगणवाडी बंद, डबा नव्हता. आज काय लिहू.

आई मोबाईल घरी विसरली तो द्यायला अंगणवाडीत गेलो. बाई पोरांना हात धुवायला घेऊन गेलेल्या. टेबलावर ती वही. खलाश्यांकडची! बोललो, आता रंगेहाथ पकडतो. उघडली.

दोन रकाने केलेले, शाळेतल्या शब्दार्थांसारखे.

आऊ — ये.
भात खायौ? — जेवलीस?
दुख्यो? — दुखलं?
नडराऊ — घाबरू नको.

एवढंच. पानंच्या पानं. शेवटच्या पानावर— 'बिपनाला ससा आवडतो. मांडीवर बसत नाही, शेजारी बसते. हात धरायच्या आधी विचारायचं.'

खिशातली चिठी काढून बघितली. घाबरू नको. मी पुरावा म्हणून दहा दिवस घाबरू नको घेऊन फिरत होतो.

तेवढ्यात आई आतून बाईंना सांगायला लागली, मी दाराआड आहे हे तिला माहीत नाय— "आशाताईनं विहिरीवर त्या पोरीला बघितलं. दंड म्हणजे नुसती शेवग्याची शेंग. बोलली, पट्टी लावायची गरज नाय, लालच येणार." लाल म्हणजे काय ते मला माहीत आहे. आई रोज त्या दंडाला लावायच्या पट्टीचं बोलते. हिरवा बरा, पिवळा सांभाळा, लाल म्हणजे पोर हातची जाईल.

बाई बोलल्या, "पण डबा तर रोज खाते ती. मग लागत का नाय अंगाला?"

ती कुठं खाते, बाई. मी खातो.

दुपारी जेवलो नाय. आईनं विचारलं, बोललो पोट बिघडलं. आज गडग्याकडे गेलोच नाय.

रात्री आई बोलली, आजपण डबा रिकामा आला. आणि घासलेला, चकचकीत.

घासलेला? मी कधीच घासला नाय. मग आज खाल्ला कोणी?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंच्या आधी जाऊन कलमावर चढून बसलो. मुंग्यांनी पाठ खाल्ली. हुमले, मोठे, लाल. ओरडायची सोय नाय.

बाईंनी डबा ठेवला, हाक मारली, वळणावर गेल्या. आणि धनसरा आली! घाबरत नाय, इकडंतिकडं बघत नाय. सरळ आली, डबा उघडला, वास घेतला. बिपना मागं पदर धरून. तिचं तोंड मोठ्या माणसासारखं दिसत होतं आणि बाकी सगळं लहान. धनसरानं पहिला घास स्वतः खाल्ला, मग पोरीला भरवला. पोरगी तोंड मिटून चावायची आणि पुन्हा आ करायची. शेवटी डबा बोटानं पुसून चाटला.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण मी विचार करत बसलो— दहा दिवस आली नाय ती कालच का आली? कोणी सांगितलं तिला? आणि धनसरानं जाताना माझ्या कलमाकडे वर का बघितलं?

२४ फेब्रुवारी, सोमवार

वाईट खबर. लोकेंद्रनं मालकाकडे सुट्टी मागितली. शनिवारी एक तारखेला गावाला निघतायत. गुरुवारी वजनाचा दिवस आहे, डॉक्टर येणार, म्हणजे त्या दिवशी पोर लपवायची आणि मग पळायचं. भर हंगामात राखणदार बाग सोडतो म्हणजे किती भ्यायला असेल.

आई भाकरी थापता थापता थांबली. "तीन दिवसांचा प्रवास. बस, गाडी, परत बस. त्या पोरीत काय आहे गो प्रवास करण्याएवढं?"

कोणाला विचारत होती माहीत नाय. घरात मीच होतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

गेलो. खोलीच्या दाराशी धनसरा भांडी पोत्यात भरत होती. बिपना उंबऱ्यावर बसून मला बघत होती.

सरळ बोललो. "भाभी, वो वजन का मैंने बोला था ना... झूठ था. कोई नहीं लेके जाता. मेरा और बाई का झगड़ा था, इसलिए बोला."

तिनं पोतं खाली ठेवलं.  मग बोलली—

"झूठ कौनसा? पहले वाला, या अभी वाला?"

मी आजपर्यंत मास्तरांना, पोलीसपाटलाला, बापाला फोनवर, सगळ्यांना उत्तर दिलंय. हिला खरं सांगितलं तर तेच खोटं वाटलं. खोटं बोलणाऱ्यानं खरं कुठल्या तोंडानं सांगायचं? तोंड एकच आहे.

शेवटी बोललो, "मेरे को मत मानो. बाई को पूछो. और पहले मेरा वजन करने को बोलो. मेरे को लेके गये तो तुम भाग जाना."

ती हसली नाय. पण भांडं पोत्यात टाकायचं थांबवलं.

मग खाली आलो, बाईंना सांगितलं की धनसराला वजनाची भीती वाटते. कोणी घातली ते नाय सांगितलं. बाईंनी माझ्याकडे एवढं बघितलं, एवढं बघितलं की मला घाम फुटला.  फक्त बोलल्या, "गुरुवारी मला काटा उचलायला माणूस लागेल. येशील?"

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पोर काट्याकडे येत नाय तर काटा पोरीकडे न्यायचा, असं बाई डॉक्टरांना बोलल्या. बाकीच्या पोरांचं झाल्यावर सगळी वरात सड्यावर. पुढं मी, डोक्यावर काटा. मग बाई, आई, आणि शेवटी धापा टाकत डॉक्टर.

धनसरा दारात. कोयता हातात नव्हता, पण हाताजवळ होता. लोकेंद्र मागं उभा, सामान बांधलेलं.

बाई गडग्यापाशीच थांबल्या. "आऊ?" असं विचारलं. आत येऊ का, असं त्यांना विचारायचं असेल, वहीत तेवढंच होतं. लोकेंद्र हसला आणि मान हलवली.

मग आधी मी काट्यावर. एकोणपन्नास किलो. आई बोलली, "त्यातला अर्धा आगाऊपणा." मग बाई स्वतः चढल्या. आकडा बोलल्या नाय, पण बघितला सगळ्यांनी. आणि मग बाईंनी जे केलं ते मी कोणाला करताना बघितलेलं नाय. बिपनाचं कार्ड आणि पेन धनसराच्या हातात दिलं. "तू लिही. तुझ्या पोरीचं वजन तुझ्या हातानं. आणि कार्ड तुझ्याकडेच ठेव, माझ्याकडे नको."

धनसरानं पोरीला स्वतः काट्यावर उभं केलं. नऊ किलो सातशे. तिनं हळूहळू आकडे काढले, नऊ, टिंब, सात. आपल्यासारखेच आकडे. दंडाची पट्टी लाल आली.

डॉक्टर बोलले, "हिला रत्नागिरीला न्यायला पाहिजे. दवाखान्यात, चौदा दिवस."

 मी रचलेलं खोटं माझ्यासमोर डॉक्टरांच्या तोंडून बाहेर आलं! धनसरानं पोरीला हिसकून कडेवर घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. तसं कोणी माझ्याकडे बघू नये परत.

बाई मधे आल्या. आवाज पण चढवला नाय. "कोई नहीं ले जाएगा. जायचं तर तू जाशील तिला घेऊन, तुझ्या कडेवर, आणि मी येईन बरोबर. परत पण तूच आणशील." मग डॉक्टरांकडे वळल्या. "ताप नाय, सूज नाय, आणि खाते ती, मी सांगते. इथंच राहून नाय होणार?"

डॉक्टरांनी पोरीला सगळीकडून तपासलं. हातात खायला देऊन बघितलं. खाल्लं सगळं. "ठीक. पण आठवड्याला वजन. एक पण चुकवायचं नाय. कमी झालं तर रत्नागिरी."

लोकेंद्र आणि धनसरा त्यांच्या बोलीत बराच वेळ बोलले. भांडल्यासारखं. मग लोकेंद्रनं पोत्याची दोरी सोडली.

निघताना बाईंनी धनसराचा हात धरला, आधी विचारून. "और वो गजरा! बहुत सुंदर था. कैरी भी."

मेलो, बोललो. संपलं सगळं.

धनसरानं माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "हाँ," बोलली. "अच्छा लगा ना?"

खोटं बोलली! माझ्यासाठी? का? ही बाई मला समजत नाय.

६ मार्च, गुरुवार

नऊ किलो नऊशे. अंगणवाडीच्या काट्यावर. महिन्याभरानं बिपना खाली आली, धनसराच्या बोटाला धरून. ससा काढलेल्या भिंतीपाशी बसली. बाई शेजारी बसल्या.  बाकीची पंधरा पोरं बोंबलत होती.

१० मार्च, सोमवार

आता धनसरा पण रोज येते. पोरीला सोडून जात नाय, आईला तांदूळ निवडू लागते. आई तिला मराठीतून शिव्या शिकवते, ती आईला नेपाळीतून. दोघींचं मस्त जमलंय. बाई बोलतात, "कैऱ्यांनी केलं सगळं."

१३ मार्च, गुरुवार

दहा किलो दोनशे. पट्टी पिवळी.

सगळे खुश होते तर मला राहवलं नाय. धनसरा एकटी होती तेव्हा सांगून टाकलं, पहिले आठ दिवस बिपनाचा डबा मी खाल्ला. बोललो, मार हवं तर.

ती तांदूळ निवडतच राहिली. "मालूम है."

"मालूम है?"

"खिड़की से देखती थी रोज. मेरे को डर था, खाने में कुछ मिलाके देती होगी बाई. पहले खिलाती है, फिर ले जाती है. आठ दिन तू ने खाया. तेरे को कुछ नहीं हुआ. नौवें दिन बच्ची को दिया."

आणि मग हसली. पहिल्यांदा. पोट धरून.

म्हणजे मी सगळ्यांना फसवत होतो तेव्हा ही माझ्यावर विषाची परीक्षा करत होती! ज्याच्या हाताला ही वही लागेल त्याच्या पाया पडतो— कोणाला सांगू नको. बाईंना नको, कैऱ्या तिच्याच राहू देत. आईला नको, ती जीव घेईल. आणि बाबल्याला तर मेलास तरी सांगू नको!